पेल्याचा तळ सरळ का येतो?

स्टीलचा पेला टेबलावर ठेवून नवशिक्याला तो जसा दिसतो तसा काढायला सांगितले, तर पेल्याचे तोंड तो बहुधा वाजवीपेक्षा गोल काढतो आणि तळाची कड मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ ओढतो. यात हाताचा दोष फार थोडा असतो. तोंड गोल आहे आणि टेबल सपाट आहे, हे त्याला आधीच ठाऊक असते आणि हे ज्ञान डोळ्यांपुढच्या आकारावर मात करते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांनी १९३१ मध्ये याच विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तिरपी ठेवलेली चकती डोळ्यावर जेवढी चपटी उमटते, त्याहून ती गोल असल्याचे पाहणारे सांगत, असे त्यांत आढळले. प्रत्यक्षात आपण पेल्याकडे वरून पाहत असतो, आणि तळ डोळ्याच्या पातळीपासून तोंडापेक्षा अधिक खाली असल्यामुळे तळाची कड तोंडापेक्षाही जास्त वळलेली दिसायला हवी.

यंत्रभागांचे मुक्तहस्त रेखाटन, म्हणजे पट्टी आणि कंपास न वापरता एच-बी पेन्सिलीने काढलेले आराखडे, शिकवताना जे नियम सांगितले जातात, ते माझ्या मते डोळ्याच्या आणि हाताच्या अशा सवयींवरचे उपाय आहेत. ते नुसते पाठ करून घेतले जातात, याचे मला वाईट वाटते, कारण त्यांच्यामागचे कारण कळले की ते विसरणेच कठीण होते.

सरळ रेषेचेच पाहा. मनगट टेकवून पेन्सिल ओढली, तर ती मनगटाभोवती फिरते आणि रेषेचा कंस होतो. म्हणून लांब रेषेसाठी मनगट न वाकवता कोपर आणि खांदा यांच्यापासून हात हलवावा, आधी दोन्ही टोकांना ठिपके द्यावेत आणि नजर पेन्सिलीच्या टोकावर न ठेवता पोहोचायच्या ठिपक्यावर ठेवावी, असे सांगतात. हातांच्या हालचालींचे इटालियन संशोधक पिएत्रो मोरासो यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की माणूस एका बिंदूकडून दुसऱ्याकडे हात नेतो, तेव्हा खांद्याचे आणि कोपराचे कोन निरनिराळ्या रीतीने बदलत असले, तरी पंजाचा मार्ग साधारण सरळच राहतो. पोहोचायची जागा ठरलेली असली, की सरळपणा आपोआप येतो. नजर पेन्सिलीवर खिळली, की हात पावलापावलाला दुरुस्त्या करू लागतो आणि रेषा थरथरते.

वर्तुळासाठी आधी फिकट चौरस काढतात. त्याच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू वर्तुळावर असतातच; शिवाय मध्यापासून कोपऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक अर्धकर्णावर सुमारे सात-दशांश अंतरावर एकेक खूण केली, की आठ बिंदू मिळतात आणि त्यांमधून वळण नेणे सोपे जाते.

खरी अडचण घनाकृतीत येते. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यंत्रांच्या प्रतिकृती सुट्या भागांतून जोडून व्याख्यानात दाखवत असत, आणि त्या पुन्हा जुळवणाऱ्या मदतनिसांना कळतील अशी चित्रे त्यांना हवी होती. त्यांनी १८२२ मध्ये मांडलेली आयसोमेट्रिक पद्धत आजही पदविका आणि आयटीआयच्या अभ्यासक्रमांत शिकवली जाते. तीत एक अक्ष उभा असतो आणि उरलेले दोन आडव्या रेषेशी तीस-तीस अंशांचे कोन करतात. तिन्ही अक्षांवर एकच माप चालते आणि दूरची वस्तू लहान होत नाही, त्यामुळे इथे पेल्याचे तोंड आणि तळ यांचा चपटेपणा सारखाच राहतो. घनाच्या कोणत्याही पृष्ठावरचे वर्तुळ असे लंबवर्तुळ होते, की त्याची रुंदी लांबीच्या सुमारे ०.५८ पट असते.

हे लंबवर्तुळ नेमके कोणत्या दिशेला कलते, इथे चांगले विद्यार्थीही चुकतात आणि नळीचे तोंड पिळल्यासारखे दिसते. त्यावर एकच नियम पुरतो: लंबवर्तुळाचा लहान अक्ष त्या नळीच्या किंवा भोकाच्या आसाच्या रेषेतच पडतो, आणि मोठा अक्ष त्याला काटकोनात असतो. उभ्या पेल्याचे लंबवर्तुळ त्यामुळे आडवे पसरते, तर भिंतीतून उजवीकडे तिरप्या निघालेल्या पाइपचे लंबवर्तुळ त्या तीस अंशांच्या रेषेला आडवे पडते. आधी आसाची रेषा काढावी आणि मगच लंबवर्तुळाला हात घालावा.

पंपाची तुटलेली फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची भोके असलेली चकती, टर्नरकडून (लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडून) नवी करून घ्यायची असेल, तर असा एक आराखडा, त्याच्या शेजारी समोरून आणि बाजूने दिसणारी दोन साधी दृश्ये, प्रत्येक भोकाच्या मध्यातून नेलेली तुटक मध्यरेषा आणि व्हर्निअरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) घेतलेली मापे एवढे कागदावर लागते. रेखाटनातले भाग एकमेकांच्या प्रमाणात असले म्हणजे पुरे. भोकाचा व्यास टर्नर चित्रावरून मोजत नाही, तो लिहिलेला आकडा वाचतो.