गाठ पडली ठकाठका

गच्चीवर भाज्या पिकवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर डिसेंबरात एका ताईंनी फोटो टाकला. उपटलेला वालाचा वेल, मुळं नळाखाली स्वच्छ धुतलेली, आणि मुळांवर मोहरीपासून मुगाएवढ्या गोल गोल गाठी. खाली प्रश्न : "सगळ्या मुळांना गाठी आल्यात, कोणतं औषध मारू?" अर्ध्या तासात डझनभर उत्तरं आली. कुणी निंबोळी पेंड सांगितली, कुणी बुरशीनाशक. एकाने "सूत्रकृमी (मुळांत शिरणारे मातीतले बारीक कृमी) आहेत, माती फेकून द्या" असा हुकूम सोडला. एका काकांनी तर अमावस्येला पेरलं की असंच व्हायचं म्हणून निकालच लावून टाकला.

मी लिहिलं, "एक गाठ नखाने फोडा आणि आतला रंग सांगा."

"गुलाबी. रक्तासारखा. ई!"

त्यांचा तो वेल ठणठणीत होता, आणि आता तो उपटलेला होता. उरलेल्यांना कोणी हात लावू नये म्हणून हा लेख.

आधी फरक सांगतो, कारण सूत्रकृमींच्याही गाठी असतात आणि त्या खरंच वाईट. सूत्रकृमी लागले की मूळच जागोजागी सुजतं. ती सूज मुळाचाच भाग असते, वेगळी काढता येत नाही. वालाच्या, चवळीच्या, भुईमुगाच्या मुळांवरची चांगली गाठ मात्र बाहेरून चिकटवलेल्या मण्यासारखी दिसते. अंगठ्याने ढकलली की टचकन सुटते. आतून पांढरी असेल तर ती कोवळी आहे किंवा बिनकामाची, हिरवट-तपकिरी असेल तर म्हातारी. गुलाबी असेल तर आत कारखाना चालू आहे.

हे ज्ञान मला पुस्तकातून आलेलं नाही, वाल पिवळे पडल्यावर आलं. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने ड्रममध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं गांडूळ खत भरून कडवे वाल लावले. रोपं वीतभर झाली आणि खालची पानं पिवळी पडायला लागली. अलिबागकडे राहणाऱ्या आत्याला फोन केला तर ती हसायलाच लागली. "अरे, नुसत्या काथ्यात वाल होतो होय? पुढल्या खेपेला ये, वालाच्या शेतातली माती देते बांधून." तिने खरोखरच दुधाच्या पिशवीत दोन मुठी माती बांधून दिली. पुढच्या वर्षी बियाणं तेच, ड्रम तोच, काथ्या तोच, फक्त प्रत्येक बीच्या खड्ड्यात त्या मातीची एकेक चिमूट. वेल हिरवाकच्च झाला. तिकडे भात कापलं की त्याच खाचरात, जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. पाणी नाही, पोत्यातलं खत बहुधा नाही, तरी जानेवारीत पोपटीच्या, म्हणजे शेंगा भाजायच्या, मडक्यात घालायला शेंगा तयार. हे कसं जमतं, ते त्या दोन मुठींत होतं.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, म्हणजे आपलं नत्र. पण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे घट्ट धरून बसलेले असतात की झाडाला त्याचा काही उपयोग नाही. हा बंध तोडून अमोनिया करायची युक्ती फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली प्रयोगशाळेत दाखवली, कार्ल बॉशने ती कारखान्यात आणली. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला पहिला कारखाना सुरू झाला. त्या पद्धतीत चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. युरियाची गोणी तिथून येते. वालाची गाठ हेच काम तुमच्या ड्रममध्ये, गार मातीत, बिनआवाजाचं करते. हेलरीगेल आणि विलफार्थ या दोघा जर्मनांनी १८८६ ते १८८८ या काळात ते सिद्ध केलं, आणि १८८८ मध्येच डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढून वाढवले. त्यांना आज आपण ढोबळपणे रायझोबियम म्हणतो.

आता गाठ बांधली कशी जाते ते बघा. हा भाग मला इतका आवडतो की मी थोडा वाहवत जाणार.

नत्राची चणचण भासली की वालाचं मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं. आसपासच्या हजारो जातींच्या जिवाणूंना त्याचं सोयरसुतक नसतं, पण रायझोबियमला ती हाक कळते. त्याची काही जनुकं जागी होतात आणि तो उलट निरोप पाठवतो. हा निरोपाचा रेणू कायटिनच्या छोट्या तुकड्याला मेदाम्लाची शेपटी जोडून बनलेला असतो. कायटिन म्हणजे बुरशीच्या भिंतीतला आणि झुरळाच्या कवचातला तोच पदार्थ. शेपटीची लांबी, कडेला लावलेले बारीकसारीक गट यांवरून झाड ओळखतं की हा आपलाच की परका. ओळख पटली की मुळावरचा केस छत्रीच्या मुठीसारखा वळतो आणि जिवाणूला कवेत घेतो. मग केसाची भिंत आतल्या बाजूला खचत जाते आणि एक नळी तयार होते. जिवाणू त्या नळीतून, रांगेने, वाढत वाढत आत सरकतात. झाडाने त्यांच्यासाठी बोगदा खणलेला असतो. दरम्यान मुळाच्या आतल्या पेशी आधीच विभागायला लागलेल्या असतात, पाहुणे यायच्या आत खोली बांधून तयार.

आत गेल्यावर खरी पंचाईत सुरू होते. नायट्रोजन फोडणारं विकर (एन्झाइम), नायट्रोजिनेज, लोखंड आणि मॉलिब्डेनम हे धातू पोटात घेऊन बसलेलं एक अवजड यंत्र आहे. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला ते एटीपीचे १६ रेणू खातं. एटीपी ही पेशीतली रोकड समजा. इतकी रोकड उभी करायची तर साखर जाळायला हवी, आणि साखर जाळायला ऑक्सिजन हवा. पण ऑक्सिजन लागला की नायट्रोजिनेज कायमचं बिघडतं. म्हणजे चूल पेटवायला वारा हवा आणि वारा आला की भांडं फुटणार!

झाडाने काढलेला तोडगा म्हणजे ते गुलाबी रक्त. गाठीच्या कडेच्या पेशी ऑक्सिजनला आत येताना अडवतात, आणि आत झाड स्वतः लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन भरून ठेवतं. नावावरून कळलंच असेल, हे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड आहे. तसाच हीम नावाचा रंगीत भाग, मधोमध तसाच लोखंडाचा अणू. कुबो या जपानी शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये सोयाबीनच्या गाठीत ते ओळखलं. ते ऑक्सिजनला इतकं घट्ट धरतं की गाठीच्या गाभ्यात मोकळा ऑक्सिजन साध्या पाण्यातल्यापेक्षा हजारो पटींनी कमी उरतो. पण धरलेला ऑक्सिजन हे प्रथिन जिवाणूंपर्यंत हातोहात पोचवत राहतं, त्यामुळे श्वास चालू आणि यंत्रही शाबूत. (अमेरिकेतल्या इम्पॉसिबल फूड्सचा बिनमांसाचा बर्गर मांसासारखा लालसर दिसतो आणि लागतो, तो सोयाबीनच्या याच प्रथिनामुळे, यीस्टकडून ते बनवून घेतात. पोपटीवाल्यांना सांगा.)

जिथे साखर फुकट मिळते तिथे फुकटे येणारच. काही रायझोबियम हाक ऐकून येतात, बोगद्यातून शिरतात, गाठ बांधून घेतात, साखर खातात आणि नत्र बनवतच नाहीत. झाड काय करतं? टोबी किअर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनवर एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून तिथे आर्गॉन भरला. ऑक्सिजन होता तेवढाच ठेवला. म्हणजे जिवाणू कष्टाळू असले तरी त्यांच्या हाती फोडायला नायट्रोजनच नाही. झाडाच्या दृष्टीने ते कामचुकार. अशा गाठींत जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली, आणि तिथे ऑक्सिजन पोचणंही कमी झालं होतं. काम नाही तर हवा बंद. गाठ पडली ठकाठका, ही म्हण आठवली ना? एक साखरेवर टपलेला, दुसरा नाक दाबायला तयार.

याच मंडळींनी २००७ मध्ये पुढचा प्रश्न विचारला. नत्राच्या गोण्या भरपूर असलेल्या शेतात निवडले गेलेले नवे वाण हा बेरकीपणा विसरलेत का? त्यांनी वेगवेगळ्या दशकांतले सोयाबीनचे वाण घेऊन त्यांना कष्टाळू आणि फुकटे असे मिसळलेले जिवाणू दिले. जुन्या वाणांचं फुकट्यांमुळे कमी बिघडलं, नव्यांचं जास्त. जुन्या बियाण्याबद्दल लोक हळवे होऊन आजीच्या हातची चव वगैरे सांगतात. मला मात्र हे कारण जास्त पटतं. खत न घातलेल्या मातीत पिढ्यान् पिढ्या टिकलेल्या बियाण्याला मातीतले ठक ओळखायची सवय राहिलेली असू शकते. असू शकते, म्हणतोय. प्रयोग सोयाबीनवर झालाय, आत्याच्या वालावर नाही. आणि गावठी म्हटलं की सगळंच सरस, असंही नाही. काही रोगांपुढे नवे वाण उभे राहतात तिथे जुने लोळण घेतात.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अनेकांना कळलं की वालाचे इतके प्रकार आपल्याच डोंगरात आहेत. त्यांनी ते बी घराघरांत पेरत, वाटत जिवंत ठेवलं. वालाच्या बाबतीत हे तुम्हालाही सोपं आहे, कारण त्याचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागावर भागवतं. ठेवलेलं बी बरंचसं आईवर जातं. हायब्रीड टोमॅटोचं तसं नाही. त्याचं बी रुजतच नाही ही अफवा आहे. रुजतं, पण पोरं एकेक एकेका वळणाची निघतात. मेंडेलच्या वाटाण्याचा धडा शाळेत झालाय, तोच तो.

मातीचं एक लक्षात ठेवा : कुठलीही माती चालत नाही. वाल, चवळी, मूग, भुईमूग यांचे जिवाणू एका गोतातले, त्यामुळे चवळीच्या शेतातली चिमूट वालाला चालते. हरभऱ्याचे जिवाणू वेगळे, मेथीचे वेगळे, वाटाणा-मसूर यांचे आणखी वेगळे. कृषी विद्यापीठांकडे पिकानुसार जिवाणू संवर्धकाची पाकिटं मिळतात. गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळायची, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. "सर्व झाडांसाठी नत्र जिवाणू" लिहिलेलं पाकीट घेऊन गुलाबाच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी शोधत बसू नका. आणि देशी गायीच्या शेणातच हे जिवाणू असतात असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याला विचारा, गायीला मुळं कुठे आहेत? रायझोबियमचं घर माती आणि मूळ. शेणखत जरूर घाला, मातीत ओल आणि हवा धरायला त्यासारखं दुसरं नाही, पण बेताने. नत्र आयतं मिळालं की झाड हाकच मारत नाही, गाठी होत नाहीत. वेल माजतो आणि शेंगा रुसतात. युरियाने तर हे हमखास होतं.

टोमॅटोशेजारी चवळी लावली की टोमॅटोला फुकट खत, हेही अर्धसत्य. वेल जिवंत असताना शेजाऱ्याला फार थोडं नत्र देतो. बरंचसं शेंगांत जातं आणि तुमच्या बिरड्यात येतं. मागे उरतं ते पानांत आणि मुळांत. म्हणून हंगाम संपला की वेल उपटायचा नाही, मातीलगत कापायचा. पाला त्याच ड्रममध्ये अंथरायचा, मुळं जागच्या जागी कुजू द्यायची. गाठी फुटतात, जिवाणू मातीत परततात आणि पुढच्या हाकेची वाट बघत राहतात.

बियाण्यासाठी मी सगळ्यात आधी लागलेल्या, भरदार शेंगा वेलावरच खुळखुळेपर्यंत वाळू देतो. सोलून उन्हं दाखवून चुलीच्या चाळलेल्या राखेत बरणीबंद. राखेने ओल शोषली जाते आणि बी पोखरणाऱ्या भुंग्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण खरवडलं जातं, मग तो सुकून मरतो. गेल्या आठवड्यात फोटोवाल्या ताईंना त्यातलेच मूठभर वाल पाठवले, सोबत पिशवीत थोडी माती. त्यांचा लगेच मेसेज आला, "माती चाळून घेऊ की तशीच?" तशीच घ्या म्हटलं.