हृदयस्नायूच्या रक्तपुरवठ्याची एमआरआय तपासणी

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर हृदयाच्या स्नायूपर्यंत रक्त खरोखर पोहोचते आहे का, आणि स्नायूचा कोणता भाग जिवंत व कोणता मृत आहे, हे चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरींच्या साह्याने पाहण्याची ही तपासणी होय. हिला व्यवहारात कार्डियाक एमआरआय म्हणतात. हिच्यात क्ष-किरण वापरले जात नाहीत.

अँजिओग्राफीत हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी हृद्‌रोहिणी दिसते, स्नायू दिसत नाही. गुठळी काढून स्टेंट बसवला आणि मोठी वाहिनी मोकळी झाली, तरी तिच्या पुढच्या सूक्ष्म केशवाहिन्या सुजेमुळे, बारीक गुठळ्यांमुळे किंवा भिंतींच्या हानीमुळे बंद राहू शकतात. जायकवाडीच्या कालव्याला पाणी सुटले म्हणजे टेलच्या वावराला ते मिळालेच असे नाही, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. हृदयातही तसेच घडते. १९७४ साली रॉबर्ट क्लोनर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगात दाखवले की रोहिणी ४० मिनिटे बंद ठेवून सोडल्यास स्नायूत रक्त पुन्हा पसरते, पण ९० मिनिटांनंतर सोडल्यास आतल्या थराचा काही भाग कोरडाच राहतो.

तपासणीत गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून देतात. ते हृदयात पहिल्यांदा पोहोचत असताना प्रत्येक ठोक्याला चित्रे घेतली जातात: रक्त मिळणारा स्नायू उजळतो, न मिळणारा काळसर राहतो. हे द्रव्य जिवंत पेशींत शिरत नाही; पेशी फुटलेल्या जागी मात्र साचते व उशिरा निघते. त्यामुळे सुमारे १० ते १५ मिनिटांनी पुन्हा पाहिल्यावर मृत भाग पांढरा चकाकतो. त्या पांढऱ्या पट्ट्याच्या पोटात काळा गाभा दिसला, तर केशवाहिन्या बंद असल्यामुळे द्रव्य तेथवर गेलेलेच नाही असे समजतात. प्रस्तुत लेखकाच्या मते सबंध तपासणीतले सर्वांत महत्त्वाचे चिन्ह हेच, कारण असा गाभा असलेल्या रुग्णांचे हृदय पुढे फुगण्याची व निकामी होण्याची शक्यता अधिक असते. पांढरा पट्टा भिंतीच्या किती जाडीपर्यंत गेला आहे हेही मोजतात. रेमंड किम आदींनी २००० साली दाखवले की तीन चतुर्थांशांपेक्षा अधिक जाडी मृत असलेला भाग रक्तपुरवठा पूर्ववत केल्यावरही क्वचितच आकुंचन पावू लागतो.

मराठवाड्यात या तपासणीला वेगळे महत्त्व आहे. तालुक्याच्या गावी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेऊन रुग्ण पुढे छत्रपती संभाजीनगरला, धाराशिवकडचा असल्यास सोलापूरला, नांदेडकडचा असल्यास अनेकदा हैदराबादला नेला जातो. या प्रवासात गेलेल्या तासांचा हिशेब स्नायूवर उमटलेला असतो.

स्टेंट असलेल्यांना सहसा ही तपासणी करता येते. जुन्या पद्धतीचा पेसमेकर किंवा मूत्रपिंडांचा गंभीर विकार असल्यास मात्र आधी विचार करावा लागतो. उरलेल्या रोहिण्यांची क्षमता तपासायची असल्यास ॲडेनोसिन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध दर मिनिटाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे १४० मायक्रोग्रॅम या मात्रेने देतात. त्याने छाती दडपल्यासारखी वाटते, पण औषध थांबताच ते लगेच ओसरते. चहा-कॉफीतील कॅफिन या औषधाचा परिणाम रोखते, म्हणून आदल्या दिवसापासून चहा बंद ठेवण्यास सांगतात. चिठ्ठीत ‘उपाशी यावे’ एवढेच लिहिलेले असेल, तर गावाकडचा रुग्ण सकाळी घरून निघताना कपभर चहा घेतोच, कारण चहाने उपास मोडतो असे तो मानत नाही, आणि मग तपासणीची तारीख पुढे ढकलावी लागते.