प्लॅस्टिक आपला जुना आकार विसरत नाही

ओतीव ॲक्रिलिकच्या शीटमधून एक पट्टी कापा. जिथे वाकवायची आहे त्या रेषेला तापलेल्या तारेची धग द्या. साधारण दीडशे अंश सेल्सिअसला ती जागा रबरासारखी लवचीक होते. मग पट्टी काटकोनात वाकवून थंड होईपर्यंत धरून ठेवा. काटकोन पक्का बसला असं वाटेल. आता तीच पट्टी ओव्हनमध्ये पुन्हा तेवढीच तापवा. कुणी हात न लावता ती हळूहळू उलगडते आणि जवळजवळ पूर्वीइतकी सपाट होते.

लोखंडी पट्टी असं करत नाही. लोखंड वाकवताना अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि नव्या जागी स्थिरावतात. जुन्या जागेशी त्यांचं काही नातं उरत नाही. प्लॅस्टिकचा रेणू मात्र हजारो छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांबलचक साखळी असतो. अशा असंख्य साखळ्या सुताच्या गुंत्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. ठरावीक तापमानाखाली त्या जागच्या जागी गोठलेल्या असतात, त्याच्या वर गेलं की त्यांना हलायला मोकळीक मिळते. याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. ॲक्रिलिकसाठी ते सुमारे १०५ अंश, पॉलिस्टायरीनसाठी १००च्या आसपास, पॉलिकार्बोनेटसाठी १५०च्या जवळ आणि पाण्याच्या बाटलीतल्या पेटसाठी ७० ते ८० अंश असतं. या तापमानाच्या थोडं वर शीट वाकवली की साखळ्या ताणल्या जातात, पण गुंता सुटत नाही. त्याच अवस्थेत थंड केलं की ताण आत अडकून पडतो. पुन्हा उष्णता मिळाली की साखळ्या आखडून मूळच्या अस्ताव्यस्त अवस्थेकडे परततात. ओतीव ॲक्रिलिकच्या साखळ्या फार लांब असतात, म्हणून ते इतकं छान उलगडतं. एक्स्ट्रुजनने, म्हणजे वितळलेला माल फटीतून दाबून, काढलेल्या शीटमधल्या साखळ्या त्या मानाने आखूड असतात, तिचं उलगडणं अर्धवट राहतं.

प्लॅस्टिकचं काम शिकताना बहुतेक जण आधी यंत्रं शिकतात. माझ्या मते आधी ही गोष्ट शिकायला हवी: आकार देताना साखळ्यांचं जे काही झालं, त्याची नोंद वस्तूत राहते. कारखान्यातल्या आणि वर्कशॉपमधल्या कितीतरी अडचणी या नोंदीमुळे उभ्या राहतात आणि प्लॅस्टिकची काही अप्रतिम कामंही तिच्यामुळेच जमतात.

यातून एक मोठा गट वगळावा लागतो. १९०७ साली लिओ बेकलँड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून जे बेकेलाइट बनवलं, त्यात तापवल्यावर साखळ्यांमध्ये आडवे रासायनिक बंध तयार होतात आणि अखंड जाळं बनतं. असं प्लॅस्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, फार तापवलं तर करपतं. इपॉक्सीही याच गटातलं. इथून पुढे मी बोलणार आहे ते पुन्हा पुन्हा मऊ होणाऱ्या थर्मोप्लॅस्टिकबद्दल.

आपल्या आसपासच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंपैकी फार मोठा भाग इंजेक्शन मोल्डिंगने बनतो. जॉन वेस्ली हायट आणि त्यांचे भाऊ आयझाया यांनी १८७२ मध्ये या यंत्राच्या पूर्वजाचं पेटंट घेतलं. तापवलेलं सेल्युलॉइड दट्ट्याने पुढे ढकलणारं ते यंत्र होतं. दट्ट्याच्या पद्धतीत मधला माल नीट तापत नसे. १९४६ मध्ये जेम्स हेन्ड्री यांनी दट्ट्याच्या जागी फिरणारा स्क्रू आणला आणि धंद्याचं रूप बदललं. हॉपर नावाच्या नरसाळ्यातून प्लॅस्टिकचे दाणे बॅरलमध्ये, म्हणजे तापलेल्या नळकांड्यात, पडतात, स्क्रू त्यांना पुढे नेत घुसळतो आणि घुसळण्याच्या घर्षणातूनच बरीचशी उष्णता निर्माण होते. बाहेरचे हीटर तिला जोड देतात. मग तोच स्क्रू दट्ट्यासारखा पुढे सरकतो आणि वितळलेला माल बंद साच्यात भरतो. दाब वातावरणाच्या शेकडो पट असतो, कारण वितळलेलं प्लॅस्टिक पाण्यासारखं वाहत नाही, घट्ट काकवीहून कितीतरी चिवट असतं. त्याचा एक गुण मात्र कामाला येतो. जोरात ढकललं की साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ओळीत येतात आणि माल पातळ होतो. म्हणूनच तो गेटच्या, म्हणजे साच्यात शिरायच्या वाटेच्या, अरुंद तोंडातून वेगाने आत शिरू शकतो.

आत काय होतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. साच्याच्या भिंती थंड असतात. माल भिंतीला टेकताच त्याची पातळ साय गोठते, तीही साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणलेल्या असतानाच. मधला गरम माल वाहत राहतो, सावकाश निवतो, आणि त्याच्या साखळ्यांना सैल व्हायला वेळ मिळतो. एकाच भिंतीच्या जाडीत ताणलेली साय आणि सैलावलेला गाभा शेजारी शेजारी राहतात. मध्येच खांब किंवा भोक आलं तर प्रवाह दोन भागांत फुटतो आणि पलीकडे पुन्हा जुळतो. जुळण्याच्या त्या रेषेवर दोन्हीकडच्या साखळ्यांना एकमेकींत गुंतायला पुरेसा अवधी मिळत नाही. तिला वेल्ड लाइन म्हणतात. भोकाजवळ केसासारखी बारीक रेघ दिसली तर बहुधा ती हीच, आणि वस्तू फुटली तर पुष्कळदा तिथूनच फुटते.

निवताना प्लॅस्टिक आकसतं. एबीएस नावाचं टणक प्लॅस्टिक अर्धा टक्का किंवा थोडं जास्त आकसतं. हाय डेन्सिटी पॉलिइथिलीन मात्र दीड ते तीन टक्के आकसतं, कारण त्याच्या साखळ्या निवताना काही ठिकाणी शिस्तीत घड्या घालून स्फटिक बनवतात आणि कमी जागेत मावतात. एबीएससाठी कापलेल्या साच्यात पॉलिइथिलीन ओतलं तर माप चुकणारच. जाड भाग उशिरा निवतो आणि पृष्ठभागाला आत ओढतो, म्हणून जाड भागावर खड्डा पडतो. यासाठीच अनुभवी डिझायनर भिंत जाड करत नाहीत. सगळीकडे सारखी पातळ ठेवतात आणि बळकटीसाठी मागून रिब, म्हणजे पातळ उभ्या पट्ट्या, देतात. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून उभ्या भिंतींना अंशभराचा उतारही देतात. कुठल्याही डब्याच्या किंवा खेळण्याच्या मागच्या बाजूला रिब, साच्याचे दोन भाग मिळाल्याची रेषा, गेट तोडल्याचा ठिपका आणि वस्तू बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे सापडतील. ती कशी बनली, हे या खुणांवरून वाचता येतं.

आत अडकलेला ताण तर डोळ्यांनीही दिसतो. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, त्यासमोर पारदर्शक मोजपट्टी धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल थोडा फिरवावा लागेल. मोजपट्टीत इंद्रधनुष्यी पट्टे दिसतात. ताणलेल्या साखळ्यांमधून जाताना प्रकाशाच्या दोन घटकांचा वेग वेगवेगळा होतो, त्यातून हे रंग येतात. पट्टे जिथे दाटीवाटीने आहेत तिथे ताण झपाट्याने बदलतो आहे, आणि गेटजवळ ते हमखास दाट असतात. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी करून बघावा असं मला मनापासून वाटतं.

हाच ताण मुद्दाम कामाला लावता येतो. पेटची बाटली आधी परीक्षानळीएवढ्या जाड नळीच्या रूपात मोल्ड करतात, तिला प्रीफॉर्म म्हणतात. ती शंभरेक अंशांपर्यंत तापवून आतल्या दांड्याने लांबीत ताणतात आणि जोरदार हवेने रुंदीत फुगवतात. दोन्ही दिशांनी ओळीत आलेल्या साखळ्यांमुळे कागदाएवढी पातळ भिंतही फसफसत्या पेयाचा दाब पेलते. नॅथॅनियल वायथ यांना या बाटलीचं पेटंट १९७३ मध्ये मिळालं. तिच्यात उकळतं पाणी ओतलं की ती चुरमडते, कारण ताणलेल्या साखळ्यांना आखडायची संधी मिळते. विजेच्या तारांवर चढवायची आकसणारी नळीही अशीच: पॉलिइथिलीनमध्ये किरणांच्या माऱ्याने थोडे आडवे बंध घालतात, गरम असताना नळी फुगवतात आणि तशीच गोठवतात. गरम हवा लागली की ती मूळ मापाकडे येते आणि तारेला घट्ट आवळते. बाटलीच्या झाकणावरची, न तुटता उघडझाप होणारी पातळ बिजागरी पॉलिप्रॉपिलीनची असते, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. साच्यातून निघाल्यावर ती गरम असतानाच एक-दोनदा दुमडतात. त्या दुमडण्याने साखळ्या बिजागरीला आडव्या ताणल्या जातात आणि ती असंख्य वेळा उघडझाप सोसते. साचा बनवणाऱ्याने गेट चुकीच्या जागी ठेवलं आणि वेल्ड लाइन नेमकी बिजागरीवर आली, तर ती लगेच तुटते.

आता वर्कशॉपमध्ये येऊ. धातूची सवय असलेला हात प्लॅस्टिकला ड्रिल लावतो तेव्हा पहिली अडचण उष्णतेची येते. ॲल्युमिनिअम प्लॅस्टिकपेक्षा सुमारे हजारपट चांगलं उष्णतावाहक आहे. प्लॅस्टिकमध्ये घर्षणाची उष्णता जागीच साचते, भुगा वितळून बिटला चिकटतो आणि भोक घासटून जातं. धारदार बिट, मध्येमध्ये वर उचलणं, भुगा बाहेर काढणं आणि हवेचा झोत यांनी बरंच साधतं. ॲक्रिलिकमध्ये साधं बिट पलीकडे निघताना एकदम ओढलं जातं आणि शीट तडकते. म्हणून बिटची कापणारी धार घासून थोडी बोथट कोनाची करतात, म्हणजे ती खोदत न जाता खरवडत जाते. खाली लाकडाचा तुकडा दाबून ठेवावा आणि शेवटी हात हलका करावा. भोकही स्क्रूपेक्षा थोडं मोठं हवं. एक मीटर ॲक्रिलिक तापमान ३० अंशांनी वाढलं की सुमारे दोन मिलिमीटर वाढतं, पोलाद मात्र जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. लोखंडी चौकटीला घट्ट आवळलेली ॲक्रिलिक शीट उन्हाळ्यात भोकांपाशी चिरते ती यामुळेच.

लेझरने ॲक्रिलिक फार सुंदर कापलं जातं. कार्बन डायऑक्साइड लेझरचे १०.६ मायक्रॉनचे अवरक्त किरण डोळ्यांना पारदर्शक दिसणारं ॲक्रिलिक शोषून घेतं, साखळ्या सुटून मूळच्या छोट्या रेणूंची वाफ होते आणि कड काचेसारखी चकचकीत निघते. पण त्या कडेलगत माल क्षणात वितळून गोठलेला असतो, म्हणजे ताण आलाच. अशी कड अल्कोहोलने पुसली तर काही क्षणांत बारीक चिरांचं जाळं उमटतं. चिकटवण्याआधी किंवा पुसण्याआधी तुकडे ओव्हनमध्ये ८० अंशांच्या आसपास काही तास ठेवून सावकाश निववले की साखळ्या सैलावतात आणि हा धोका जातो. या कामात घाई करू नये. पीव्हीसी मात्र लेझरखाली कधीही ठेवू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्रही गंजवतो.

ओलावा हा वेगळाच शत्रू आहे. पॉलिकार्बोनेट, नायलॉन आणि पेट हवेतलं पाणी शोषतात. ते न वाळवता वितळवले तर बुडबुडे येतात हे दिसतं. न दिसणारं नुकसान म्हणजे गरम पाणी साखळ्या तोडतं. वस्तू वरून ठीक दिसते, पण तिचा चिवटपणा गेलेला असतो. पॉलिकार्बोनेटचे दाणे म्हणूनच १२० अंशांच्या आसपास काही तास वाळवल्याशिवाय हॉपरमध्ये घालत नाहीत.

जोडकामाचं तत्त्वही साखळ्यांच्या गुंत्याचंच आहे. ॲक्रिलिक, एबीएस आणि पीव्हीसी योग्य द्रावकाने जोडता येतात. द्रावक दोन्ही पृष्ठभाग सैल करतो, साखळ्या सीमा ओलांडून एकमेकींत शिरतात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा मूळ मालाचाच भाग होतो. या द्रावकांची वाफ छातीत जाऊ नये म्हणून खोलीत वारा खेळता हवा. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनवर असे द्रावक चालत नाहीत आणि साधा गोंदही पसरत नाही. त्यांना गरम हवेने वेल्ड करावं लागतं किंवा आधी पृष्ठभागावरून ज्योत फिरवून तो गोंद धरेल असा करावा लागतो.

थ्री-डी प्रिंटरमध्ये हीच गोष्ट प्रत्येक थरावर घडते. नोझलमधून आलेला गरम धागा खालच्या, आधीच निवलेल्या थरावर पडतो. सांध्याजवळचं तापमान काच-संक्रमणाच्या वर असतं तो अवधी अगदी थोडा, आणि तेवढ्यातच साखळ्यांना पलीकडे शिरायचं असतं. त्यामुळे प्रिंट केलेली वस्तू थरांच्या दिशेने मजबूत आणि थरांना लंब ओढली तर कमकुवत ठरते. हुक किंवा ब्रॅकेट प्रिंट करायचं असेल तर ते उभं न ठेवता आडवं ठेवा, म्हणजे भार धाग्यांच्या लांबीवर येईल, दोन थरांच्या सांध्यावर येणार नाही. एबीएससारखं प्लॅस्टिक असेल तर प्रिंटर बंदिस्त, उबदार कोठीत चालवा. थर सावकाश निवतात, सांध्याला जास्त वेळ मिळतो आणि कोपरे उचललेही जात नाहीत.