अमेरिकेतली पोलिस पेन्शन : वाद आला कुठून

अमेरिकेतल्या एखाद्या शहराच्या अंदाजपत्रकावर चर्चा सुरू झाली की थोड्याच वेळात गाडी पोलिसांच्या पेन्शनवर येते. करदाता म्हणतो, मला स्वतःला पेन्शन नाही, पासष्टीपर्यंत राबायचंय, आणि पन्नाशीत निवृत्त झालेल्या पोलिसाची पेन्शन मात्र माझ्या मालमत्ता करातून जाते. पोलिस म्हणतो, नोकरीला घेताना तुम्हीच शब्द दिला होता, माझ्या पगारातून दरमहा पैसेही कापून घेतलेत, आता मी म्हातारा झाल्यावर हिशोब विचारता? दोघंही खोटं बोलत नाहीत. ज्यांनी शब्द दिला आणि पैसे बाजूला ठेवले नाहीत, ते तिसरे लोक या भांडणात कुठेच नसतात.

सुरुवात १८५७ ची. न्यूयॉर्क शहराने कामावर जखमी होऊन अधू झालेल्या पोलिसांसाठी मदतीची तरतूद केली. बाकीच्या बहुतेक सरकारी नोकरांना पेन्शन मिळायला अजून अर्धं शतक जायचं होतं. राज्य पातळीवर सर्वसाधारण कर्मचाऱ्यांसाठी पहिली योजना मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये आणली आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचा कायदा १९२० मध्ये झाला. पोलिस आधी का, याचं उत्तर सरळ आहे. साठीतला माणूस चोरामागे धावू शकत नाही. पेन्शन नसेल तर तो नोकरी सोडत नाही, आणि शहराला तरुण माणूस भरता येत नाही. म्हणजे पोलिसांना लवकर निवृत्ती देण्यात शहराची स्वतःची सोय होती. तो उपकार कधीच नव्हता.

पण पैसा कुठून येणार, हे मात्र नीट ठरवलेलं नसायचं. सुरुवातीच्या कित्येक फंडांत दंडाची रक्कम, बेवारस मालाच्या लिलावाचे पैसे असं जे हाती येईल ते टाकलं जाई. कमी पडलं तर त्या वर्षीच्या करातून भर. नोकरी करणारे जास्त आणि निवृत्त कमी होते, तोवर हे निभावलं.

१९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या म्हातारपणच्या पेन्शनचा कायदा आला, तेव्हा राज्यांचे आणि शहरांचे कर्मचारी त्यातून वगळले गेले. केंद्र सरकार राज्यांवर कर लावू शकतं का, हा घटनात्मक प्रश्न होता. पुढे १९५० च्या दशकात दार उघडलं, तरी बऱ्याच ठिकाणचे पोलिस बाहेरच राहिले. आजच्या वादात ही गोष्ट हमखास विसरली जाते. खासगी नोकरीतल्या माणसाला म्हातारपणी निदान सोशल सिक्युरिटीचा आधार असतो. या पोलिसांच्या नोकरीतून तोही मिळत नाही, शहराची पेन्शन हेच त्यांचं सगळं.

दिलेला शब्द मोडता येतो का, हा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमध्ये ऐरणीवर आला. तिथल्या अग्निशमन दलातल्या एका जवानाची २० वर्षांची नोकरी पूर्ण व्हायला ३२ दिवस बाकी होते. तेवढ्यात, १९४५ मध्ये, शहराने आपली सनद, म्हणजे कारभाराचा मूळ कायदा, बदलून पेन्शनच रद्द केली. शहराचं म्हणणं असं की २० वर्षं पूर्ण झाली नाहीत, तर हक्क तयारच झाला नाही. १९४७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केलं. पेन्शन हा पगाराचाच मागे ठेवलेला भाग आहे आणि तिचा हक्क कामाला लागल्या दिवसापासून तयार होत जातो, असा त्या निकालाचा गाभा. मला हा निकाल न्याय्यच वाटतो. १९५५ च्या आणखी एका निकालाने ही चौकट पक्की केली. न्यूयॉर्कने त्याआधीच आणि इलिनॉयने १९७० मध्ये तर पेन्शन कमी करता येणार नाही, असं थेट राज्यघटनेत लिहून टाकलं. देणं कमी करायची वाट अशी बंद झाली. त्या देण्यासाठी वेळच्या वेळी पैसे भरायलाच हवेत, अशी सक्ती मात्र सगळीकडे आली नाही.

खासगी क्षेत्रात ती आली. १९६३ मध्ये स्टुडबेकर कंपनीचा साउथ बेंडचा मोटार कारखाना बंद पडला, हजारो कामगारांच्या पेन्शनवर पाणी पडलं आणि त्या धक्क्यातून १९७४ चा केंद्रीय कायदा झाला. सरकारी पेन्शन योजनांना त्यातून सूट मिळाली. सरकार कधी बुडत नाही, हा त्यामागचा विश्वास. एखाद्या वर्षी तिजोरीत खडखडाट असला की फंडाचा हप्ता पुढे ढकलायचा, हे सर्रास होऊ लागलं. आजचं मरण उद्यावर. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता कराला १ टक्क्याचं कुंपण घातलं, तेव्हा शहरांचे हात आणखी बांधले गेले. पगारवाढीचा बोजा आज दिसतो, पेन्शनवाढीचा वीस वर्षांनी. युनियनशी तडजोड करताना काय सोपं, ते सांगायला नको.

१९९९ हे वर्ष मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शेअर बाजार तेजीत होता आणि कॅलिफोर्नियाच्या कॅलपर्स या पेन्शन फंडात देण्यापेक्षा जास्त पैसा साठलेला होता. दोन्ही पक्षांनी जवळपास एकमताने पेन्शन वाढवली. महामार्ग पोलिसांना पन्नाशीत निवृत्त झाल्यास नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पगाराच्या ३ टक्के मिळू लागले. आधी पन्नाशीत हाच दर २ टक्के होता. विसाव्या वर्षी भरती झालेल्या माणसाचं गणित करून पाहा : ३० वर्षांची नोकरी, म्हणजे ६० टक्क्यांऐवजी ९० टक्के पगार, आयुष्यभर. आणि ही वाढ आधी झालेल्या नोकरीलाही लागू. पुढची निदान दहा वर्षं राज्याचा हप्ता वाढणार नाही, असं फंडाने आमदारांना सांगितलं होतं. शेजारच्या शहराने दिलं म्हणून आपणही द्यायचं, नाहीतर पोलिस तिकडे जातील, या धास्तीने एकामागून एक शहरांनी तोच दर उचलला. २००० मध्ये बाजार कोसळला, २००८ मध्ये पुन्हा, आणि राज्याचा हप्ता काही वर्षांतच अब्जावधी डॉलरवर गेला.

मग पडझड. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातलं व्हॅलेहो शहर दिवाळखोरीत गेलं. २००९ मध्ये अलाबामातल्या प्रिचर्ड शहराने निवृत्तांचे चेक पाठवणंच थांबवलं. ऱ्होड आयलंडमधल्या सेंट्रल फॉल्स या जेमतेम १९ हजार वस्तीच्या गावात निवृत्त पोलिसांची आणि अग्निशमन जवानांची पेन्शन ५५ टक्क्यांपर्यंत कापली गेली. घरभाडं, औषधं, सगळं ज्या चेकवर चालतं तो एकदम अर्धा. २०१३ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात न्यायाधीशांनी दिवाळखोरीत पेन्शनही कापता येते असं ठरवलं. तिथे देणी भागवायला संग्रहालयातली चित्रं विकायची वेळ आली होती. धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून ८१.६ कोटी डॉलर उभे केले, म्हणून चित्रं वाचली आणि पेन्शनची कपातही कमी झाली. पोलिसांची मूळ रक्कम शाबूत राहिली, महागाईपोटीची वार्षिक वाढ मात्र निम्म्याहून खाली आली.

टेक्सासमधल्या डॅलसची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे करदात्यांचा संताप मला पूर्ण पटतो. निवृत्तीला पात्र झालेला पोलिस नोकरीत राहिला, तर त्याची पेन्शन एका वेगळ्या खात्यात साठे आणि त्यावर निदान ८ टक्के हमखास व्याज मिळे. बाजारात काहीही होवो. फंडाने दरम्यान आलिशान घरांसारख्या स्थावर मालमत्तेत पैसे घालून हात पोळून घेतले होते. २०१६ मध्ये बातमी फुटली तशी खाती रिकामी करायला झुंबड उडाली, काही महिन्यांत ५० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाहेर गेली आणि अखेर पैसे काढणं थांबवावं लागलं.

सुधारणांच्या वेळीही पोलिसांना हात लावायला राज्यकर्ते कचरले. २०११ मध्ये विस्कॉन्सिनने सरकारी युनियनचे अधिकार छाटले, पोलिस आणि अग्निशमन दल वगळून. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराने धाडस केलं. २०१२ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने पेन्शन कपातीला कौल दिला, पण पोलिस दुसरीकडे निघून गेले, गस्तीला माणसं पुरेनात आणि २०१६ मध्ये तडजोडीचा नवा प्रस्ताव मतदारांपुढे न्यावा लागला.

कॅलिफोर्नियाने शेवटी फक्त नव्या भरतीपुरते नियम बदलले. त्यामुळे आज तिथल्या काही शहरांत एकाच गस्तीच्या गाडीत, शेजारी शेजारी, डिसेंबर २०१२ मध्ये लागलेला पोलिस पन्नाशीला ३ टक्क्यांनी निवृत्त होईल, आणि जानेवारी २०१३ मध्ये लागलेल्याला २.७ टक्क्यांसाठी सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत थांबावं लागेल.