ओल्या मातीतलं झाड माना का टाकतं?

पावसाळ्यात बाग कशी सांभाळावी याचे सल्ले बहुतेक कोकण-पुण्याच्या पावसाला धरून दिलेले असतात. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. इथे मृगाच्या सरी येऊन जातात, जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ नुसतंच भरून येतं आणि खरा जोर सप्टेंबरात, उत्तरा-हस्तात. ढगाळ दिवसांत कुंड्यांना पाणी घालायचं राहून जातं, वारा मात्र माती सुकवत असतो. आभाळाकडे न बघता बोट मातीत खुपसून बघावं.

सप्टेंबरात झाडं दगावतात ती बहुधा हवेअभावी. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन खाली पोचत नाही, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतही पानं लोंबतात. आणि आपण 'तहानलंय बिचारं' म्हणत वर आणखी एक तांब्या ओततो!

त्यात आपली काळी माती. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिलं पाणी सरळ खोल जातं. पण एकदा भेगा मिटल्या की निचरा जवळजवळ थांबतो. अंगणात म्हणूनच गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा हवा, शेणखतही भरपूर. मूठभर वाळू मिसळून या मातीत काही फरक पडत नाही.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर देण्याची पद्धत घरोघरी आहे. त्याने निचरा वाढत नाही, उलट बिघडतो. बारीक मातीतलं पाणी केशाकर्षणाने, म्हणजे कणांमधल्या बारीक फटींच्या ओढीने धरलेलं असतं. खाली मोठ्या फटी लागल्या की ते तिथेच अडतं आणि वरची माती पुरती भिजल्याशिवाय खाली उतरत नाही. म्हणजे चिखलाचा थर तळाशी राहायचा तो खड्यांच्या उंचीइतका वर, मुळांजवळ सरकतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी पुरे. ताटली काढून कुंडी दोन विटांवर ठेवली की भोक मोकळं राहतं.

डाळिंबाचं मात्र वेगळं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र ज्या सोलापुरात आहे, तिथे परसातही एखादं डाळिंब असायचंच. त्याचा शत्रू तेल्या, हा जिवाणूजन्य रोग. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर जिवाणू पानापानांवर पोचतात आणि जखमांतून आत शिरतात. म्हणून झड लागलेली असताना छाटणी नकोच. बुंध्याभोवती वाळल्या पानांचं आच्छादन घातलं तर मातीचे शिंतोडे कमी उडतात. फक्त ते बुंध्याला चिकटू देऊ नये. डागाळलेली पानं-फळं खतखड्ड्यात न टाकता बागेबाहेर काढावीत, आणि कात्री प्रत्येक झाडानंतर जंतुनाशकाने पुसावी.