बोलिव्हियाचं २०१६ चं सार्वमत (२१ एफ)

२१ फेब्रुवारी २०१६ ला दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात देशभर सार्वमत झालं. प्रश्न एकच होता, घटनेचं कलम १६८ बदलून राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांना लागोपाठ दोनदा पुन्हा निवडून येऊ द्यायचं का, कारण घटनेत ती मुभा फक्त एकदाच होती. ५१.३ टक्के लोकांनी नाही म्हटलं, ४८.७ टक्क्यांनी हो. तिथं मतदान सक्तीचं आहे, ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं, त्यामुळे हा मूठभरांचा कौल असं कुणी म्हणू शकत नाही. तिथले लोक या मतदानाला '२१ एफ' म्हणतात, एफ म्हणजे फेब्रुवारी.

ही दुरुस्ती एवो मोरालेस यांच्यासाठीच होती. आयमारा या मूळनिवासी समाजातले, कोका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे पुढारी, २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. २००९ ची घटना त्यांच्याच काळात सार्वमताने आली आणि दोन टर्मची मर्यादा तिच्यातलीच. तरी २००९ नंतर २०१४ मध्येही ते परत निवडून आले, कारण २०१३ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं की पहिली टर्म जुन्या घटनेखालची, ती धरायची नाही. आता हवी होती ती चौथी. गॅसच्या पैशातून त्यांच्या काळात गरिबी खरंच घटली होती, त्यामुळे हो म्हणणारेही निम्म्याच्या जवळ होते, हे विसरून चालणार नाही.

पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचं. लोकांनी अजून एक टर्म नाकारली, आणि २८ नोव्हेंबर २०१७ ला त्याच न्यायालयाने मर्यादाच काढून टाकली, कारण काय तर मानवी हक्कांच्या अमेरिकन करारानुसार निवडणूक लढवणं हा हक्क आहे! म्हणजे रांगा लावून दिलेल्या मताला काही किंमतच उरली नाही. 'बोलिव्हिया नाही म्हणाला' ही घोषणा मग रस्त्यावर आली. ऑक्टोबर २०१९ च्या निवडणुकीत मोरालेस पुन्हा उभे राहिले, मतमोजणीचे प्राथमिक आकडे येणं मध्येच थांबलं, गैरप्रकारांचे आरोप झाले, देश पेटला, पोलिसांनी बंड केलं, सेनाप्रमुखांनी पद सोडायला सुचवलं आणि १० नोव्हेंबरला मोरालेस यांनी राजीनामा दिला आणि मग ते मेक्सिकोला गेले. त्यांचे समर्थक याला सत्तापालटच म्हणतात, तो वाद अजून चालू आहे.

२०२१ मध्ये आंतर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाने स्पष्ट केलं की कितीही वेळा निवडून येणं हा काही मानवी हक्क नाही. बोलिव्हियाच्या न्यायालयाने आपला २०१७ चा निकाल फिरवला तो थेट डिसेंबर २०२३ मध्ये.