गरज कशाला म्हणायचं, हे ठरवायचं कुणी?

अन्न, वस्त्र, निवारा ही यादी शाळेपासून पाठ असते, पण गरिबी मोजायला बसलं की ती अपुरी पडते. वस्त्र म्हणजे अंग झाकणारा कपडा, की पावसाथंडीत टिकणारा कोटही?

ब्रिटनमध्ये समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९७९ साली वंचितपणाचे निकष मांडले. आठवड्यातल्या बहुतेक दिवशी शिजवलेली न्याहारी मिळते का, हाही त्यातला एक. त्यावर अभ्यासक डेव्हिड पिआशॉ यांची हरकत बिनतोड होती: न्याहारी न करणाऱ्याला ती परवडत नाही, की नकोच असते?

मग १९८३ मध्ये जोआना मॅक आणि स्टुअर्ट लान्सली यांनी एका टीव्ही मालिकेसाठी पाहणी करताना हा निवाडा लोकांवरच सोपवला. एकेका कार्डावर एकेक गोष्ट, अशा ३५ गोष्टी. जी कुणालाही परवडायलाच हवी, जिच्याशिवाय राहायची वेळ कुणावर येऊ नये, तिचं कार्ड एका खोक्यात; असली तर बरी, पण गरजेची नाही, तिचं दुसऱ्यात. निम्म्याहून जास्त लोकांनी गरजेची ठरवली, तीच गरज. पुढचा प्रश्न पिआशॉंच्या हरकतीला उत्तर देणारा: तुमच्याकडे ही गोष्ट नाही, ती नको म्हणून की परवडत नाही म्हणून?

२६ गोष्टी गरजेच्या ठरल्या. घर उबदार ठेवण्याची सोय ९७ टक्क्यांनी गरजेची मानली, गाडी फक्त २२ टक्क्यांनी. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. सणावाराला काही खास करता येणं ६९ टक्क्यांना, मुलांची खेळणी ७१ टक्क्यांना गरजेची वाटली. नुसतं जगण्यापुरतं मिळालं म्हणजे झालं, असं सामान्य माणूस मानत नाही. आपल्याकडे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये मांडलेली दारिद्र्यरेषा माणशी रोजच्या २२५० उष्मांकांवर बेतलेली होती. त्या हिशेबात खेळणी कुठून येणार?

लोकमत काळाबरोबर सरकतं, हे ब्रिटनमधल्या पुढच्या तशाच पाहण्यांत दिसलं. टेलिफोन १९८३ मध्ये ४३ टक्क्यांनाच गरजेचा वाटला, १९९९ मध्ये ७१ टक्क्यांना. उलटंही होतं. वर्षातून एकदा आठवडाभर घराबाहेर सुट्टी घालवणं १९९९ मध्ये ५५ टक्क्यांना गरजेचं वाटत होतं. २००८ च्या मंदीनंतर, २०१२ मध्ये, ४२ टक्क्यांना. या पद्धतीची खरी अडचण इथे आहे. ओढाताण वाढली की लोक अपेक्षाही आवरतात, आणि यादीतून एखादी गोष्ट गळली की ती न परवडणारा माणूस मोजणीतूनही गळू शकतो.